रॉयल्टी नाही म्हणजे माती कुठेही वाहू द्यायची, असे नव्हे

‘स्वतःच्या प्लॉटमधली माती घरासाठी काढली तर सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे एकही नियम लागू नाही,’ असा मेसेज कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

2014 चा तो निकाल पुण्यातल्या बिल्डरांच्या प्रकरणातला. पाया खणताना निघालेली माती त्याच प्लॉटवर वापरली, तर सरसकट दंड लावता येत नाही. मातीचा वापर आधी तपासावा लागतो, एवढेच त्यात आहे. डंपर भरून माती बाहेर विकली, तर परवानगी आणि रॉयल्टी (गौण खनिजासाठी सरकारला भरायचे स्वामित्वधन) दोन्ही लागतात. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

आणि वाहून जाणाऱ्या मातीबद्दल तर निकालात काहीच नाही! रत्नागिरीत वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात जेसीबीने उघडी केलेली तांबडी माती जूनमध्ये पऱ्यातून खालच्या भातखाचरात, तिथून खाडीत जाते. खाडीकाठी भरावासाठी बांधकामाचा राडारोडा टाकायला 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने बंदी आहे. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत वरची 20 सेंटिमीटर माती वेगळी काढून जपण्याची अट असते.

छोट्या घराला ती अट नाही. तरी उताराच्या खालच्या अंगाला चिऱ्यांचा गडगा, त्याच्या आत गाळ बसायला चर आणि ढिगावर ताडपत्री, हे मृगाआधी करून घ्या. शेजाऱ्याचे खाचर गाळाने भरले तर भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो.