‘फक्त २६ मित्रांनाच पोस्ट दिसते’ या संदेशाबाबत खुलासा

पुण्यातील घरगुती उद्योजिकांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटात सध्या एक संदेश फिरत आहे : फेसबुक आपली पोस्ट केवळ २६ मित्रांना दाखवते, म्हणून हा मजकूर कॉपी करून टाका आणि ओळखीच्यांना खाली एक शब्द लिहायला सांगा, म्हणजे मर्यादा उठेल. परवा मीही तो पुढे पाठवला. ती माझी चूक होती, त्याबद्दल क्षमस्व.

अशी मर्यादा नाही. फेसबुकने २०१९ मध्ये हा दावा जाहीरपणे खोडून काढला आहे. वाचक कोणाशी किती संवाद साधतो, पोस्ट कोणत्या प्रकारची व किती ताजी आहे, यांवरून प्रत्येकासमोरचा क्रम वेगळा लागतो. एक शब्द लिहिणे हाही संवादच असल्याने त्या व्यक्तीला आपल्या पोस्ट काही काळ अधिक दिसू शकतात, आणि त्यामुळेच मर्यादा उठल्याचा समज होतो. उलट, निव्वळ प्रतिक्रिया मागणाऱ्या पोस्ट मागे टाकण्याचे धोरण फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केले होते.

कसबा पेठेतील एका ताईंच्या अशा पोस्टखाली ‘नमस्कार’ची रांग लागली, भाजणीच्या चकलीची चौकशी मात्र तळणीचा व्हिडिओ टाकल्यावरच सुरू झाली.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये, आणि ज्यांनी पाठवला असेल त्यांनी त्याच गटांत हा खुलासा आवर्जून टाकावा.