बंबाचं पाणी आणि बंडूदादाचा फॉरवर्ड

घरच्या ग्रुपवर बंडूदादाने परवा पुन्हा तोच फॉरवर्ड टाकला. इंग्रज जुन्या वास्तू जिवापाड जपतात, आपण वाडे पाडून टॉवर बांधतो, वगैरे. वर कुठल्याशा जुन्या इंग्रजी घराचा फोटो. खाली अकरा अंगठे, त्यातले सात टॉवरमध्ये राहणाऱ्यांचे. मी मँचेस्टरला, म्हणजे जपणाऱ्यांच्या गावात, म्हणून मला टॅग.

तर जपण्याचं ऐका. 2003 साली बीबीसीवर 'रिस्टोरेशन' नावाची मालिका लागायची. ग्रिफ ऱ्हीस जोन्स हा विनोदी नट मोडकळीला आलेल्या 30 इमारती दाखवत हिंडायचा आणि लोकांनी फोनवरून मत द्यायचं. जिंकेल तिला दुरुस्तीला पैसे. याला वारसा जपणं म्हणायचं की महाअंतिम फेरी? उरलेल्या 29 जणी हरल्या, त्यांच्यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही. जिंकले आमच्या हॅदरसेज रोडवरचे व्हिक्टोरिया बाथ्स, म्हणजे सार्वजनिक पोहण्याचे तलाव, 1906 चे, 1993 ला बंद पडलेले. मी नुकताच आलो होतो; मीही फोन केला होता, दोनदा. वीस वर्षं उलटली, तरी तिथे रोजचं पोहणं काही सुरू झालेलं नाही.

पण जागा देखणी, हे कबूल. ओपन डेला मी दरवर्षी जातो. पहिल्या वर्गाच्या पुरुषांच्या जिन्याला गर्द हिरव्या फरशा आहेत, इतक्या गुळगुळीत की हात आपोआप फिरतो. हौद तीन. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांना, तेच मग दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांना, आणि उरलंसुरलं बायकांना. गाइड हे सांगते तेव्हा सगळे 'ओह' म्हणतात. मी गप्प राहतो. आमच्या पुण्याच्या कसब्यातल्या वाड्यात बंबाचं पाणी आधी आजोबांना, मग बाबा-काकांना, आणि विस्तव विझत आला की आई-काकूंना.

दादाला हे सगळं नको असतं. माझ्या शेजाऱ्याचं घर ग्रेड टू, म्हणजे सरकारी वारसा यादीतलं. त्याला डबल ग्लेझिंग लावायचं होतं, कौन्सिलने नाही म्हटलं. आता तो हिवाळाभर बॉयलरला शिव्या घालतो. त्याला विचारा जिवापाड म्हणजे काय ते. आणि पुण्यात? 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवून ठेवलं होतं महिना चाळीस रुपये भाडं. एका तुळईला वाळवी लागली की सुताराची एका दिवसाची मजुरी वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त. मालकाने काय कडीपाटाकडे बघत पोट भरायचं?

हे सगळं मी टाइप केलं होतं. पाठवलं नाही.

कारण वाडा पाडायच्या कागदांवर माझीही सही आहे. मुखत्यारपत्रासाठी बर्मिंगहॅमच्या वकिलातीत गेलो होतो. काम अकरालाच आटोपलं, परतीची गाडी संध्याकाळची. म्हणून तिथल्याच किंग्ज नॉर्टन या उपनगरात गेलो. त्याच मालिकेत 2004 साली जिंकलेलं सॅरसेन्स हेड नावाचं जुनं घर तिथे आहे, 1492 चं. लाकडाचा सांगाडा, मधल्या जागा भरून घेतलेल्या. आपल्या वाड्यांसारखंच, फक्त थंडीतलं. मी बराच वेळ त्या काळ्या लाकडांकडे बघत उभा राहिलो. कोटाच्या खिशात पावती होती.

आता कसब्यात तिसऱ्या मजल्यावर माझ्या नावाचा फ्लॅट आहे. त्यात भाडेकरू आहेत, भाडं वेळेवर येतं. मी तिथे एक रात्रही झोपलेलो नाही. पुण्याला गेलो की उतरतो दादाकडेच, कोथरूडला.

त्या दिवशी मी फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, 'बघा कसं ठेवलंय!' म्हणून. दादाच्या फॉरवर्डवर आहे तो तोच. उजव्या कोपऱ्यात माझं बोट आलंय.

बारावा अंगठा मी दिला.