लग्नाच्या डीव्हीडीला आवाज नाही : दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आपली तक्रार वाचली. राजारामपुरीतल्या आमच्या दुकानातून विंडोज ११ टाकून नेल्यापासून लग्नाच्या डीव्हीडीत चित्र दिसतं पण आवाज नाही, साउंड कार्ड आम्ही घालवलं, वर डिस्कमधलं 'ऑडिओ_टीएस' फोल्डरही रिकामं केलं, असं आपलं म्हणणं आहे.

आधी फोल्डरचं. ते पहिल्यापासून रिकामंच असतं. डीव्हीडी-ऑडिओ या वेगळ्या प्रकारासाठी ती जागा राखलेली आहे. लग्नाचा आवाज 'व्हिडिओ_टीएस'मधल्या व्हीओबी फायलींत, चित्राच्या सोबतच भरलेला असतो.

यूट्यूबला आवाज येतो, हे आपणच लिहिलंय. म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, स्पीकर सगळं ठीक. घोडं अडलंय डिकोडरपाशी, म्हणजे डिस्कमधला आवाज उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. अशा डिस्कचा आवाज बऱ्याचदा डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३ असतो आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकली की त्याचा डिकोडर सोबत येत नाही. चालणारा प्लेअर टाकून, एखादी डीव्हीडी लावून मगच मशीन द्यायला हवं होतं. ते राहिलं, ही चूक आमची.

व्हीएलसी हा प्लेअर टाका, त्याचे डिकोडर त्याच्यातच असतात. तो उघडून कंट्रोल आणि डी दाबा, डिस्क निवडून प्ले करा. तरी आवाज नसेल तर 'ऑडिओ' मेनूत 'ऑडिओ ट्रॅक' बघा. 'डिसेबल'वर टिक असेल तर ट्रॅक १ निवडा. मग कंट्रोल आणि पी दाबून 'ऑडिओ'मध्ये एचडीएमआय/एसपीडीआयएफ पासथ्रू बंद करा. तो चालू असला की आवाज न उलगडताच पुढे जातो आणि साध्या स्पीकरला त्यातलं काही कळत नाही.

सनई ऐकू येते पण मंगलाष्टका पुसट, असं झालं तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकर ५.१ वर, म्हणजे सहा स्पीकरच्या मांडणीवर आहेत का बघा. बोलणं मधल्या स्पीकरकडे जातं आणि तो आपल्याकडे नाही. स्टीरिओ करा.

सुरुवात नीट आणि वरातीपाशी आवाज तुटतो? मग बहुधा डिस्कची कड खराब आहे, कारण डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको.

एवढ्यानेही जमलं नाही तर मशीन आणि मूळ डिस्क, दोन्ही घेऊन या. पैसे लागणार नाहीत.