पंधरा पाऊणे सव्वाअकरा

कोकणातल्या माणसाला मासे धरता येतातच, अशी सिएटलच्या आसपासच्या लोकांची समजूत मीच करून दिली होती. ऑफिसात कोणी मासेमारीचा विषय काढला, की मी खुर्चीत जरा मागे रेलून "आमचं गाव खाडीवरच आहे" एवढंच बोलायचो आणि खिडकीबाहेर बघायचो. यात खोटं काही नव्हतं. कुंडलिका समुद्राला मिळते तिथेच आमचं रेवदंडा. फक्त आमची नारळ-सुपारीची वाडी, आणि मासा आमच्याकडे यायचा तो कोळणीच्या पाटीतून. घासाघीस आई करायची, माझ्याकडे पिशवी धरायचं काम होतं.

हे असंच आयुष्यभर चाललं असतं. पण यंदा विषम साल आलं.

इथल्या नद्यांत सामन माशाच्या पाच जाती येतात. त्यातल्या पिंक सामनचं आयुष्य मोजून दोन वर्षांचं. नदीत जन्म, समुद्रात वाढ, आणि दुसऱ्या वर्षी वासाच्या खुणेने त्याच नदीत परत येऊन अंडी घालायची आणि मरायचं. सिएटलला लागून आत शिरलेली समुद्राची खाडी म्हणजे प्युजेट साउंड; तिच्या नद्यांत ही पिढी मुख्यतः विषम साली उगवते. सम साली नदीत पिंक जवळपास नाहीच, आणि विषम साली ऑगस्ट-सप्टेंबरात लाखोंनी मासा. नदीत शिरला की नराच्या पाठीवर भलंमोठं कुबड येतं, म्हणून इथले लोक त्याला लाडाने 'हंपी' म्हणतात. शेजारचे आजोबा पहिल्यांदा "हंपीला येतोस का?" म्हणाले, तेव्हा मी विजयनगरच्या अवशेषांवर पाच मिनिटं बोललो होतो.

आजोबा निवृत्त, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडे दोन कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या. "तू खाडीवरचा माणूस," ते म्हणाले, "तुला काय शिकवायचं!" आणि एक कयाक माझ्या गाडीच्या टपावर बांधून मोकळे झाले. मी परवाना काढला. मासा ठेवला की त्याच क्षणी पेनाने नोंदवायचं एक कार्ड मिळतं, तेही घेतलं. शिवाय गुलाबी रंगाची आमिषं घेतली. पिंक सामनला गुलाबीच रंग आवडतो, असं झाडून सगळे सांगतात. मला हे मुलीच्या वाढदिवसाच्या खरेदीसारखं वाटलं, पण बोललो नाही.

आणि आदल्या रात्री बाबांना फोन केला. चूक झाली ती इथे.

त्यांच्याकडे रविवारची सकाळ होती, आमच्याकडे अजून शनिवारची रात्र. अनंत चतुर्दशीचं विसर्जन होऊन श्रावणापासून बंद असलेला मासा सुरू व्हायचा होता, त्यामुळे बाबा मुळातच प्रसन्न होते. भरतीचा विषय निघाल्यावर तर ते उजळलेच.

"उद्या तिथी काय?"

"पौर्णिमा असेल ना."

"मग पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती. त्याआधी दोन तास होडी घाल, पाणी तुला आपोआप आत नेईल."

ज्यांनी पावकी-निमकी पाठ केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, भरतीही त्याच्या मागून तेवढीच सरकते. इतका सुटसुटीत हिशेब! मुरूडला जंजिरा बघायला जा नाहीतर मालवणात होडी ढकला, किनाऱ्यावरचा कोणीही म्हातारा आकाशाकडे न बघता वेळ सांगेल.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "ॲप काय म्हणतंय?"

ॲप म्हणत होतं, एव्हरेटला, म्हणजे स्नोहोमिश नदीच्या मुखावरच्या ज्या गावी मी जाणार होतो तिथे, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी.

"मग?"

"बाबा म्हणतायत भरती."

"ॲप अमेरिकन सरकारच्या आकड्यांवर चालतं," ती म्हणाली. ती नागपूरची. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशी संबंध नाही, त्यामुळे अशा बाबतीत ती छापील गोष्टींवर विश्वास ठेवते. मी तिला समजावलं, की चंद्र एकच आहे. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं.

एव्हरेटच्या लँगस पार्कच्या धक्क्यावर मी नऊ वाजता पोहोचलो तेव्हा आजोबा परत येत होते. ते पहाटे सहालाच उतरले होते. कयाकमध्ये दोन कुबडे मासे.

"आता जातोस?" ते म्हणाले. "पाणी उतरतंय."

मी फक्त हसलो. त्यांनी भुवया वर केल्या. पण खाडीवरच्या माणसाला आपण काय सांगायचं, असा विचार केला असावा, कारण गप्प बसून त्यांनी माझी कयाक पाण्यात ढकलून दिली.

कयाकमध्ये बसणं म्हणजे घसरगुंडीवर मांडी घालून जेवायला बसण्यासारखं आहे. गळाची दांडी उजवीकडे, वल्हं मांडीवर, जाळी पाठीमागे, आणि जे हवं ते नेहमी पाठीमागे. पण वल्हं मारायला लागलो आणि मी स्वतःवरच खूश झालो. काय वेग! एकेका फटक्याला काठावरची झाडं सपासप मागे. बाबांच्या हिशेबाने पाणी समुद्राकडून आत चढत होतं, आणि मी त्याच्या विरुद्ध, समुद्राच्या दिशेने, मोटरबोटीसारखा चाललो होतो. रक्तातच असतं हे, मला वाटलं. नदीचा प्रवाह आणि ओहोटी दोघं मिळून मला एव्हरेटच्या बंदराकडे वाहून नेत आहेत, हा विचार मनाला शिवलाही नाही.

मासे होते. कुठेही बघा, पाण्यातून एखादा उसळी मारून आडवा पडायचा, फटाक्. मी गुलाबी आमिष टाकलं, ओढलं, टाकलं, ओढलं. अडचण अशी, की नदीत शिरल्यावर सामन खाणं सोडतो. पोटात अंडी नाहीतर बी, अंगात साठवलेली चरबी आणि डोक्यात एकच ध्येय. आपल्याकडचा श्रावण निदान संपतो, याचा मरेपर्यंत. मग तो गळ का धरतो? चिडून. तोंडासमोर कोणीतरी सारखं गुलाबी काहीतरी नाचवतंय, म्हणून एकदाचा चावतो. म्हणजे हा खेळ भुकेचा नाही, एका उपाशी, वैतागलेल्या प्रवाशाला किती छळता येईल याचा आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मी तो प्रवासी होतो, त्यामुळे मला त्याचं दुःख कळत होतं.

गर्दी टाळावी म्हणून मुख्य प्रवाह सोडून मी एका फाट्यात वळलो. अशा फाट्यांना इथे 'स्लू' म्हणतात. मुखाजवळ स्नोहोमिश नदी अशा तीन-चार वाटांनी पसरते, मधे गवताळ बेटं. शांतता, निळा बगळा. साडेदहा वाजले होते. पाणी अजून पाऊण तास चढणार, मी हिशेब केला, आणि थालीपिठाचा डबा उघडला.

दुसऱ्या घासाला कयाक हलायची थांबली.

वल्हं खाली टेकवून ढकलावं म्हटलं, तर वल्हं आत गेलं. जातच राहिलं. ओढून काढायला जेवढा जोर लावला तेवढा मी कयाकसकट आणखी रुतलो. आजूबाजूला बघितलं तर नदी माझ्याकडे न बघता निघून चालली होती. दहा मिनिटांपूर्वी जिथे पाणी होतं तिथे चॉकलेटी, चकचकीत चिखल, आणि त्याच्या मधोमध केशरी कयाकमध्ये मी, हातात अर्धं थालीपीठ.

उतरून ढकलावं म्हणून एक पाय बाहेर टाकला. पाय गुडघ्यापर्यंत गेला. परत आला तेव्हा एकटाच आला. ती चप्पल अजून स्नोहोमिश नदीत आहे.

आजोबांना फोन केला.

"चिखलात उतरू नकोस," ते पहिलं वाक्य बोलले. मग, "कुठे आहेस?" मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. ते हसत होते. "दोन वाजेपर्यंत बस," ते शेवटी म्हणाले. "पाणी घ्यायला येईल तुला."

साडेतीन तास माणूस काय करतो? मी ॲप उघडलं आणि आलेख नीट वाचला. चंद्र एकच आहे, हे खरंच. पण पॅसिफिकची भरती हुआन द फुकाच्या सामुद्रधुनीतून शिरते, बेटांना वळसे घालत एव्हरेटला पोहोचते, आणि या सगळ्या प्रवासात तिचं घड्याळ वेगळं होऊन बसतं. पौर्णिमेच्या भर दुपारी जेव्हा रेवदंड्याला पाणी काठाला लागतं, तेव्हा इथे ते तळाला गेलेलं असतं. बाबांचा हिशेब थोडा चुकला असता तर वाईट वाटलं असतं. तो बरोब्बर उलटा होता, घड्याळात सहा तासांनी, इतका अचूक उलटा की मला त्याचा जरा अभिमानच वाटला.

तिकडे चाळीसएक फुटांवर फाट्याची मधली धार अजून वाहत होती आणि तिच्यात सामन उड्या मारत होते. मी बसल्या जागेवरून गळ टाकला. आमिष चिखलात पडलं. ओढलं, तर गुलाबी आमिषाभोवती उकडीच्या मोदकाएवढा गोळा आला. असे मी अकरा मोदक काढले. मग एक सील त्या धारेतून वर आला, ओल्या टकलासारखं डोकं काढून माझ्याकडे बघत राहिला. गावातल्या पारावरची माणसं एसटीतून चुकीच्या थांब्यावर उतरलेल्याकडे बघतात, तसा.

पाणी आलं ते मात्र देखणं आलं. आधी चिखलातल्या रेघोट्या भरल्या, मग खेकड्यांची बिळं बुडबुडली, मग कयाकच्या बुडाखाली कोणीतरी हात घातल्यासारखं झालं. दोनला दहा कमी होते. मी सुटलो, आणि या वेळी भरती खरोखरच मला आपोआप आत घेऊन चालली.

आणि धक्का दिसत असताना, गळ नुसता मागे लोंबत असताना, दांडी वाकली! कयाक गर्रकन फिरली, मी ओरडलो, कोणत्या भाषेत ते आठवत नाही. पाच मिनिटं तो मासा मला गोल फिरवत होता. कुबड दिसलं. जाळी पाठीमागे होती, अर्थात. मी वळलो, जाळी ओढली, परत वळलो, आणि दोरी एकदम जड झाली, मग एकदम हलकी.

टक्कल वर आलं. चावत होतं.

अमेरिकेत १९७२ पासून सीलला त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे. उलट दिशेच्या त्रासाबद्दल कायदा काही बोलत नाही. माझ्या गळाला सामनचं डोकं होतं, कल्ल्यांपर्यंत, व्यवस्थित कापल्यासारखं. मी कार्ड काढलं. त्यावर मासा एक लिहायचा असतो किंवा नाही लिहायचा, अपूर्णांकाची सोय नाही. पाऊण सीलने नेला होता, पाव माझ्याकडे होता. धक्क्यावर आजोबा खुर्ची टाकून बसलेच होते, त्यांच्यासमोर मी पेनाने एक लिहिला.

रात्री फोन लावला. रेवदंड्यात सोमवारची सकाळ.

"मिळाला?"

"डोकं मिळालं."

"अरे वा, सारात डोकंच चांगलं लागतं. भरती किती वाजता आली?"

"पूर्ण भरती संध्याकाळी सहानंतर. सव्वाअकराला ओहोटी होती, बाबा."

पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ शांतता.

"तुमच्याकडची तिथी चुकतेय," बाबा म्हणाले. "तिकडच्या लोकांना सांग कोणीतरी."