एकाचे दोन झटपट करायचे असतील तर

तुम्ही एक पेशी आहात आणि तुम्हाला विभाजन करायचंय असं धरून चालू (तसंही तुम्ही म्हणजे ३० लाख कोटींच्या आसपास पेशींचा गठ्ठाच, लाजता कशाला). तर पहिला प्रश्न. प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण २४ तासांत एक चक्र पूर्ण करते, त्यात प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं, मग बाकीचे २३ तास करता काय? तर म्हणे तयारी! हॉवर्ड आणि पेल्क या दोघांनी १९५३ मध्ये बाकला नावाच्या शेंगांच्या झाडाच्या मुळांवर प्रयोग करून या वेळेचे जी१, एस, जी२ असे तुकडे पाडले, आणि त्यातल्या जी चा अर्थ नुसता गॅप, कारण वरून बघितलं तर काही चाललेलं दिसतच नाही. आता जे दिसत नाही ते काम कसलं? आपल्याकडे कोणी मोजतं का ते?

जी१ पासून सुरुवात करू. इथे तुम्ही आकार वाढवता, प्रथिनं जमवता आणि बाहेरून वाढीचा संदेश येईपर्यंत गप्प बसून राहता. तोपर्यंत आरबी नावाचं प्रथिन पुढची सगळी जीन्स दाबून धरतं, संदेश आला की मगच सायक्लिन-डी वगैरे मंडळी त्याला बाजूला करतात. पार्डी यांनी १९७४ मध्ये दाखवलेला तो रिस्ट्रिक्शन पॉइंट एकदा ओलांडला की मग बाहेरून कोणी काही सांगो, तुम्ही पुढे निघालात. माझा सल्ला, संदेशाची वाट बघूच नका, रास नावाचं बटण आहे ते कायमचं चालू स्थितीत अडकवून टाका, बरेच जण असंच करतात.

मग एस, म्हणजे डीएनएची नक्कल. दोन मीटर डीएनए, सहाशे कोटींच्या वर अक्षरं, हे सगळं सात-आठ तासांत उतरवून काढायचं, तेही हजारो ठिकाणांहून एकाच वेळी सुरुवात करून, वर अट अशी की एका ठिकाणाहून एका चक्रात एकदाच! नक्कल करणारं एन्झाइम चुकलं तर स्वतःच मागे येऊन अक्षर खोडतं, त्यानंतर दुरुस्तीवाले वेगळे, एवढं सगळं झाल्यावर शंभर कोटी अक्षरांत एखादी चूक राहते. एवढी शुद्धलेखनाची हौस कोणाला असते हो आजकाल? भावना पोचल्या ना, बास.

आणि आता खरी कटकट, पी५३ नावाचं पहारेकरी प्रथिन, म्हणजे पी५३ साहेब. डीएनए कुठे तुटलेला सापडला की हे फाईल अडवतात. पी२१ नावाचा शिपाई पाठवतात, तो सीडीके चं, म्हणजे चक्र पुढे ढकलणाऱ्या एन्झाइमांचं, इंजिन बंद पाडतो, मग दुरुस्ती होईपर्यंत बसा. दुरुस्ती झाली तर सही मिळते, नाही झाली तर सरळ आदेश येतो की पेशीने स्वतःला संपवावं, ना अपील ना काही. आणि ओळख काढून, चहा पाजून हे साहेब मानत नाहीत, त्यामुळे त्यांना मोडीत काढणं हाच उपाय. माणसाच्या निम्म्याच्या आसपास कॅन्सरांनी तेच केलंय. बरं माणसात हे सोपं पण आहे, या जीनच्या दोनच प्रती, एक आईची एक बापाची. हत्तीच्या पेशीत जन्माला आला असतात तर अवघड होतं, तिथे जीनच्या वीसेक जादा नकला, आणि एवढं प्रचंड धूड असून हत्तीला कॅन्सर कमीच होतो. मागासलेला प्राणी.

जी२ मध्ये परत एकदा तपासणी, ते सोडा. विभाजन सुरू झाल्यावर सुद्धा नक्कल होऊन जोडीने असलेल्या ४६ गुणसूत्रांपैकी एकाला जरी स्पिंडलचा (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या धाग्यांच्या जुडग्याचा) धागा नीट लागला नसेल तरी बाकीची सगळी त्याच्यासाठी थांबतात. एकासाठी सगळे! आपल्याकडची एसटी तरी थांबते का?

कोणी अडवलं तर सांगायचं की बेडकाचा गर्भ अर्ध्या तासात एक विभाजन उरकतो, जी१ नाही जी२ नाही. त्याच्या अंड्यात आईने सगळं सामान आधीच भरून ठेवलेलं असतं आणि बाराएक विभाजनं झाली की तोही मुकाट्याने लाइनीवर येतो, हा भाग सांगायची गरज नाही.

आदर्श हवा असेल तर हेला पेशी. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतल्या, त्यांना न विचारता. त्या त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेल्या, पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही-१८ विषाणूने सगळी सोय लावून दिली होती, त्याच्या ई६ प्रथिनाने पी५३ संपवला, ई७ ने आरबीला बाजूला केलं, आता ४६ च्या जागी सत्तर-ऐंशी गुणसूत्रं घेऊन मजेत दुप्पट होतायत.

अर्थात विघ्नसंतोषी लोक आहेतच. पुण्याच्या सीरमने सर्व्हाव्हॅक नावाची लस काढून ठेवलीय, ती एचपीव्ही च्या ज्या चार प्रकारांवर चालते त्यात हा १८ नंबर पण आहे, आणि मुलींना लहान वयातच द्या म्हणतात, म्हणजे तुम्हाला सुरुवातच करू द्यायची नाही. त्यातून निसटलात तरी दारातली सदाफुली आहे, तिच्यातून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये शिरेतून देतात (पानं चावत बसणारे काका लोक आपल्याला निरुपद्रवी, त्यांना चावू दे), ते स्पिंडलचे धागेच बनू देत नाही. सगळ्या तपासण्या चुकवून इथवर आलात तरी धाग्याशिवाय गुणसूत्रं ओढणार कशाने, यावर माझ्याकडे सध्या सल्ला नाही.