रानभाज्या खाऊन जंगलात आठवडा निघतो? त्या मेसेजबद्दल खुलासा

पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, सह्याद्रीत वाट चुकलात तर टेन्शन नको, टाकळा, कुरडू, करवंदं, दिसेल तो कंद खा, आठवडाभर ताकद टिकेल. हे चुकीचंय, आणि कंदांचं तर सरळ जिवावर बेतणारं आहे.

पालेभाजीत व्हिटॅमिन, कॅल्शियम भरपूर, मान्य, पण १०० ग्रॅमला कॅलरी साधारण २५ ते ५०च, म्हणजे दिवसाच्या २००० भरायला चार ते आठ किलो पाला लागेल, तो खुडणार कोण आणि पचणार कसा? करवंदं मे महिन्यातली, भर पावसात ताम्हिणीत शोधून मिळायची नाहीत.

कंदात कॅलरी असतात हे खरंय, पण रानसुरण कच्चा खाल्ला तर त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया घशाला टोचतात, घसा सुजतो. शेवळाची, म्हणजे सुरणाच्याच जातीतल्या रानभाजीची, भाजी आपल्याकडे काकडं (एका झाडाची आंबट फळं) घालूनच करतात ती याच खाजेसाठी. कळलावीचा कंद तर लोकांनी रताळं समजून खाल्लाय, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, माणूस दगावतो.

धडधाकट माणूस उपाशी बरेच दिवस काढतो, पाण्याशिवाय तीन-चार दिवसही कठीण. म्हणून हरवलात तर एका जागी थांबा, अंग कोरडं ठेवा, ११२ लावा, आणि निघतानाच बॅगेत शेंगदाणे-गूळ टाका, १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला तर प्लीज त्याखाली हे टाका.