२६ जानेवारी आणि उसाचा फड

प्रजासत्ताक दिनाला सिग्नलवर झेंडे विकणाऱ्या पोरांबद्दलचा एक लेख वाचला आणि आमच्या शाळेतलं परवाचं झेंडावंदन डोळ्यासमोर आलं. आमच्या सांगली भागात जानेवारीत ऊसतोड ऐन भरात असते, बीडकडची जोडपी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलेली असतात, नवराबायकोच्या जोडीलाच इथे एक कोयता म्हणतात. तर कुंपणाबाहेर सातआठ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती, राष्ट्रगीत सुरू झालं तशी तिने भावाला खाली ठेवलं आणि ताठ उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तिला. आईबाप पहाटेच फडात गेलेले, त्यांना कसली आलीय सुट्टी. मी दोघांना जिलेबी नेऊन दिली पण माझ्या घशाखाली काही उतरेना. बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ लाच घटना समितीत सांगून गेले की २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील, ही विसंगती लवकरात लवकर दूर करा. झेंडा बघून माझा ऊर आजही भरून येतो, खरंच येतो, म्हणून तर जीव तुटतो. तुमच्या गावात फडावर आलेल्या पोरांची नावं शाळेच्या पटावर आहेत का एवढं तरी जाऊन विचारा, आम्ही सोमवारी जातोय.